डोंगरवाटेवरचा कुत्रा



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर किंवा नवकाव्यावर बोलावे, अशी अपेक्षा असते. निमंत्रणपत्रिकेवर माझ्या नावाखाली ‘डोंगरवाटेवरचा कुत्रा’ असा विषय छापलेला पाहून आपल्यापैकी काहींना तो मुद्रणदोष वाटला असेल. तो मुद्रणदोष नाही. ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींविषयी बोलायचे, तर मला त्यांच्या कुत्र्यापासूनच सुरुवात करावी लागते.

मी गुरुजींच्या हाताखाली शिकलो तो जुन्या सुप्याच्या शाळेत. ते सुपे आज काळी नदीवरच्या धरणाच्या पाण्याखाली आहे, आणि तालुक्याची कचेरी जोयड्यात आली आहे. घरी कोकणी, शाळेत मराठी आणि कचेरीत कन्नड अशा तीन भाषांत आमचा दिवस जात असे. कुत्र्याशी मात्र आम्ही कोणत्याही भाषेत बोललो तरी चालत असे.

माघातल्या उळवीच्या जत्रेला गुरुजी आम्हां सात-आठ मुलांना पायी नेत. धारवाड-बेळगावकडून येणाऱ्या बैलगाड्यांच्या घुंगरांचा आवाज रात्रभर रानातून ऐकू येई. आमच्या पुढे गुरुजींचा गावठी कुत्रा चाले. तो थबकला की आम्ही थबकायचे, असा दंडक होता. एकदा तो शेपूट पोटाशी घेऊन मागे आला आणि गुरुजींच्या धोतराला चिकटून उभा राहिला. गुरुजींनी काही न सांगता आम्हांला एकोणतीसचा पाढा मोठ्याने म्हणायला लावले. रानात वाघरू असेल तर ते आवाजाने बाजूला होईल, हे त्यामागचे कारण मला पुष्कळ वर्षांनी उमगले. एकोणतीसचा पाढा मात्र आजही चुकत नाही.

मुक्कामाला पोचल्यावर गुरुजींचे पहिले काम ठरलेले असे. ते स्वतः पाणी पिण्याआधी कुत्र्याला पाजत, त्याचे चारही पंजे उलटून पाहत, बोटांच्या बेचक्यांतले काटे काढत आणि कानांच्या आतून, काखेतून गोचिडी वेचत. तो कुत्रा त्यांनी कधी दोरीला बांधून आणला नाही. ‘तो आपल्याबरोबर येतो, आपण त्याला नेत नाही,’ असे ते म्हणत. येणे आणि नेणे या दोन क्रियापदांतला भेद मी पुढे कित्येक वर्षे व्याकरणाच्या तासाला शिकवला. त्याचा खरा अर्थ मात्र मला एका दुपारी, फार महागात, कळला. तिकडे मी येतोच.

आपल्या वाङ्मयातली सर्वांत प्रसिद्ध पर्वतयात्रा महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात आहे. पाच पांडव, सहावी द्रौपदी आणि सातवा कुत्रा. वाटेत एकेक जण गळून पडतो. धर्मराजाबरोबर अखेरपर्यंत उरतो तो कुत्राच. त्याला सोडून स्वर्गात पाऊल ठेवायला धर्मराज नकार देतो, ही कथा आपण सर्व जाणतो. परंतु तो कुत्रा कोणी आणलेला नव्हता. तो मागून चालत आला होता. आपल्या पायांनी आलेल्या त्या सोबत्याचे ओझे धर्मराजाने शेवटी स्वतःवर घेतले.

युरोपातील उदाहरण याच्या उलट आहे. कूलिज नावाच्या गिर्यारोहकाची चिंगेल ही कुत्री आल्प्सच्या अनेक शिखरांवर गेली आणि १८७५ मध्ये तिने माँ ब्लांचा माथाही गाठला. ती नेलेली होती. तेव्हा माणसाने नेल्यावर कुत्रा चढतो, यात शंका नाही. त्याचा स्वभावच असा की आपण थांबेपर्यंत तो थांबत नाही. मला भीती वाटते ती नेमकी या गुणाची.

आता ती दुपार. १९७४ चा मे महिना होता. मी नुकताच प्राध्यापक झालो होतो, आणि प्राध्यापकाला असते तेवढी ऐट माझ्यात होती. गुरुजींची बदली तेव्हा कॅसलरॉकला झाली होती. दोन मित्रांना घेऊन मी त्यांच्या घरी उतरलो. दुसऱ्या दिवशी गुरुजी कामासाठी बाहेरगावी गेले. संध्याकाळी परतणार होते. आम्ही रुळांच्या कडेने दूधसागरपर्यंत उतरायचे ठरवले. तेव्हा पुष्कळ लोक तसे जात. आज रेल्वेने ते बंद केले आहे आणि ते योग्यच आहे. गुरुजींचा मोत्या अंगणात पडला होता. वय झाल्यामुळे तो हल्ली दूर जात नसे. मी त्याला हाक मारली. तो उठला, फाटकापर्यंत आला आणि पुन्हा जाऊन बसला. मी खुंटीवरची दोरी काढली आणि त्याच्या गळ्यात बांधली.

उतरताना सर्व ठीक होते. बोगद्यांत गारवा होता. मे महिन्यात दूधसागर म्हणजे कातळावरची एक पांढरी रेघ, पण मोत्या पोटभर पाणी प्याला आणि सावलीत झोपला. परतीला गाडी पकडायची असा आमचा हिशेब होता; आम्ही रेंगाळलो आणि गाडी निघून गेली. ऊन उतरेपर्यंत थांबायला हवे होते. परंतु गुरुजी घरी पोचण्याच्या आत कुत्रा अंगणात असला पाहिजे, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. त्या घाटात रूळ सदतीस फुटांस एक फूट चढतात. कागदावर हा चढ किरकोळ दिसतो. आमच्याजवळ पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, त्या आम्हां तिघांनाच पुरल्या नाहीत.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा अंग निववण्याचा मुख्य मार्ग, आणि पावसाळ्यापूर्वीच्या दमट हवेत तोही अपुरा पडतो. शिवाय त्याचे नाक जमिनीपासून वीतभर उंचीवर, जिथे तापलेली खडी आगीसारखी धग सोडत असते. हे सर्व मी नंतर वाचले. त्या दिवशी मला एवढेच दिसले की मोत्या बोगद्याच्या तोंडाशी सावलीत आडवा झाला आणि उठेना. मला तो हट्ट वाटला. मी दोरी ओढली. तो उठला, चालला, पुन्हा बसला. मी पुन्हा ओढली. असे किती वेळा झाले ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही; आजही सांगवत नाही. मालगाडी आली तेव्हा त्याला पोटाशी धरून आम्ही बाजूच्या कातळाला पाठ लावून उभे राहिलो. गाडी गेल्यावर त्याला खाली ठेवले तर पाय शरीराला धरीनात. तिघांनी आळीपाळीने त्याला खांद्यावर घेतले. कॅसलरॉकचे दिवे दिसू लागले त्या सुमारास तो गेला.

गुरुजी ओसरीवर बसले होते. मी म्हणालो, ‘तो आपणहूनच आमच्यामागे आला.’ गुरुजींनी मोत्याचे डोके मांडीवर घेतले. दोरी अजून त्याच्या गळ्यातच होती. त्यांनी सावकाश गाठ सोडली, दोरीची घडी केली आणि ती खुंटीला अडकवली. मग मला म्हणाले, ‘हात धुऊन घे, पानं वाढली आहेत.’

त्यानंतर त्यांनी कुत्रा पाळला नाही. त्यांची पत्रे मला अखेरपर्यंत येत राहिली. त्यांत शुद्धलेखनाच्या चुकांबद्दल कानउघाडणी असे, या प्रसंगाचा उल्लेख कधीच नसे. माझे ते वाक्य खोटे होते, हे मला त्यांच्यापुढे कबूल करता आले नाही. ते आज त्यांच्या शाळेत करतो आहे.

माजी विद्यार्थ्यांपैकी काहीजण पुण्याहून आणि गोव्याहून आपले कुत्रे गाडीत घालून इकडे येतात, म्हणून आणखी थोडे बोलतो. आपले हे रान आता पूर्वीचे राहिलेले नाही. अणशी राष्ट्रीय उद्यान १९८७ मध्ये झाले, दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प २००७ मध्ये, आणि २०१५ पासून त्याला काळीचे नाव मिळाले. त्याच्या हद्दीत कुत्रा नेऊ नये. हा नियम अनेकांना जाचक वाटतो. त्यामागची कारणे मात्र खरी आहेत. बिबट्याला कुत्रा हे हक्काचे भक्ष्य. अस्वल दिसले की मोकळा कुत्रा त्याच्यावर भुंकतो आणि मग त्याला पाठीवर घेऊन धन्याकडेच पळत येतो. दुसरे कारण डोळ्यांना न दिसणारे. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा रोग आफ्रिकेतील सेरेंगेटीत १९९४ मध्ये पसरला आणि तिथले सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात २० हून अधिक सिंह दगावले तेव्हाही हाच विषाणू आढळला. आपल्या रानात शीळ घालत कळपाने फिरणारे कोळसून आहेत. ते तर कुत्र्यांचे जवळचे भाऊबंद. डिस्टेंपरची आणि रेबीजची लस टोचून घ्यायला फारसा वेळ लागत नाही, तरी अनेकजण तेवढेही करत नाहीत.

आणि गोचिडी. माकडताप प्रथम ओळखला गेला तो १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात. आपल्या जिल्ह्यात २०२४ च्या हंगामातही त्याने माणसे नेली. डिसेंबरपासून मेपर्यंतचा त्याचा काळ हाच नेमका सहलींचा. गुरुजी कुत्र्याच्या कानात बोट घालून काय शोधत होते, ते आता डॉक्टर सांगतात.

पुण्याकडच्या गडांवर मला आणखी एक प्रकार दिसला. पायथ्याच्या गावातला कुत्रा मंडळींबरोबर गड चढतो. हे त्याचे येणे. राजगडाला गुंजवण्याहून असा एक कुत्रा आमच्या पुढे होता. एका तरुणाने त्याला बिस्किटे देत देत तोरण्याच्या वाटेला लावले. संध्याकाळी ती मंडळी वेल्ह्यात उतरून वाहनात बसणार आणि कुत्रा परक्या गावातल्या कुत्र्यांच्या तावडीत सापडणार, हे त्याच्या ध्यानातही नव्हते. बिस्किटाची दोरी दिसत नाही, एवढेच. मी म्हातारपणाचा हक्क बजावून त्याला चार शब्द सुनावले आणि कुत्र्याला घेऊन गुंजवण्याला परतलो. माझा तोरणा राहिला तो राहिलाच.

मुख्याध्यापक सांगत होते की उद्या पहाटे नववीची मुले शेतांपलीकडच्या टेकडीवर जाणार आहेत. शाळेच्या व्हरांड्यात झोपणारा तो तांबडा कुत्रा मी सकाळीच पाहिला. तो तुमच्यामागे निघणार हे नक्की. मुलांनो, त्याच्यासाठी एक बाटली पाणी आणि एक करवंटी जास्तीची घ्या. वनखात्याची पाटी लागेल तिथून त्याच्यासह मागे फिरा. आणि त्याआधीच तो वाटेत थांबला, वळून घराकडे चालू लागला, तर त्याला हाक मारू नका.