ग्रुइनार्ड बेटाची साक्ष



अमेरिकी लेखक जॅक लंडन यांची एक विज्ञानकथा १९१० साली प्रसिद्ध झाली. कथेतला काळ १९७६ सालचा. पाश्चात्त्य राष्ट्रं विमानांतून चीनवर काचेच्या नळ्या टाकतात. नळ्यांत नाना रोगांचे जंतू. देशच्या देश ओस पडतो. मग साफसफाई होते आणि काही वर्षांत तिथं नव्या वसाहती सुखानं नांदू लागतात. या कथेतला वंशद्वेष आज अंगावर काटा आणतो. आणि ती साफसफाई? ती किती अवघड असते, हे पुढे एका चिमुकल्या बेटानं दाखवून दिलं.

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्याजवळचं ग्रुइनार्ड बेट जेमतेम २०० हेक्टरचं. जर्मनीनं जंतू वापरले तर आपल्याकडेही उत्तर हवं, म्हणून १९४२ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तिथं काळपुळीच्या जंतूंचा बॉम्ब फोडून पाहिला. मेंढ्या आधीच बांधून ठेवल्या होत्या. काही दिवसांतच त्या पटापट मरू लागल्या.

काळपुळीचे जंतू स्वतःभोवती टणक कवच तयार करतात आणि मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. म्हणूनच पशुवैद्य आपल्या शेतकऱ्यांना बजावतात, या रोगानं दगावलेलं जनावर फाडू नका, खोल पुरा. ग्रुइनार्डची तर जमीनच बाधली होती. अखेर १९८६ साली २८० टन फॉर्मल्डिहाइड समुद्राच्या पाण्यात मिसळून तिथं शिंपडलं गेलं. नंतर सोडलेल्या मेंढ्या धडधाकट राहिल्या, तेव्हा १९९०च्या एप्रिलमध्ये धोक्याची पाटी निघाली. शत्रूनं ज्या बेटावर पाऊलही ठेवलं नव्हतं, त्यानं ४८ वर्षं शिक्षा भोगली.

१९७२ साली जैविक अस्त्रांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतही त्यात आहे. सोव्हिएत संघानंही सही केली होती. तरी १९७९ साली तिथल्या स्वेर्दलोव्स्क शहरात लष्करी केंद्रातून काळपुळीचे जंतू हवेत सुटले आणि किमान ६६ माणसं दगावली. सरकारनं खापर फोडलं दूषित मांसावर. खरं काय ते रशियाच्या अध्यक्षांनी १९९२ साली कबूल केलं.

या करारात प्रयोगशाळांची तपासणी करणारी यंत्रणा आजही नाही. अण्वस्त्रांसाठी निरीक्षक आहेत, रासायनिक अस्त्रांसाठीही आहेत. मग रोगजंतूंच्या बाबतीत नुसत्या शब्दावर भरवसा का ठेवायचा? तपासणीची मागणी भारतासह प्रत्येक देशातल्या नागरिकांनी आपापल्या सरकारकडे लावून धरली पाहिजे.