रस्ता सर्वांचा : सायकलस्वाराचे हक्क आणि कर्तव्ये

(रस्ता सुरक्षा अभियानानिमित्त एका महाविद्यालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग.)



सभागृहात येण्यापूर्वी मी तुमच्या सायकलतळावर एक फेरी मारून आलो. सायकली पुष्कळ होत्या. मागे लाल परावर्तक शाबूत असलेल्या मात्र बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या. पुढे दिवा असलेली सायकल एकच होती, आणि ती तुमच्या शिपाईमामांची असल्याचे मागाहून समजले. तेव्हा आजच्या व्याख्यानाचे खरे अधिकारी तेच आहेत. मी केवळ निमित्तमात्र!

हा दोष दाखविण्याचा मलाही फारसा अधिकार नाही. पुण्यात शिकत असताना मी सायकलवरूनच फिरत असे. पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. रात्री दिवा नसला किंवा कोणी ‘डबलसीट’ दिसले की पोलीस सायकल अडवीत आणि दंड करीत, अशा आठवणी वडीलधारी मंडळी सांगत. आमच्या वेळेपर्यंत तो धाक ओसरला होता. मोटारी आणि रिक्षा आम्हाला कडेला दाबतात, अशी तक्रार मात्र मी तावातावाने करीत असे. एका सायंकाळी मी उतारावरून उलट्या बाजूने, दिव्याविना, भरधाव निघालो होतो. भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना माझी धडक बसली. त्यांचे मनगट मोडले. रुग्णालयात मी ओशाळून म्हणालो, “आजोबा, तुम्ही एकदम पुढे आलात.” ते शांतपणे म्हणाले, “अरे, मला तू दिसला नाहीस, हे खरे. पण तुला मी दिसत होतो ना?”

मित्रहो, या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मोटारवाल्यापुढे मी दुर्बळ होतो, त्याबद्दल गाऱ्हाणे गात होतो. पण पादचाऱ्यापुढे मीच बलवान आहे, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. सायकलस्वार हा रस्त्यावरील मधला माणूस आहे. मोटारचालकाकडून ज्या सौजन्याची तो अपेक्षा करतो, तेच सौजन्य त्याने पायी चालणाऱ्याला दिले पाहिजे. आजच्या विवेचनाचे सार एवढेच आहे.

प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नाही. केंद्र शासनाच्या अहवालानुसार सन २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक माणूस पायी चालणारा होता. ज्यांच्याभोवती लोखंडी कवच नाही, त्यांनाच रस्त्याची सर्वाधिक किंमत मोजावी लागते.

याचे कारण वेगात आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. धोका दिसून चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एवढा रस्ता संपलेला असतो. वाहन थांबण्यास त्यापुढे आणखी अंतर लागते. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती दुपटीने नव्हे, चौपटीने वाढते. म्हणूनच वस्तीतून जाताना वेग निम्म्यावर आणणारा चालक समोरच्याला जणू जीवदान देत असतो.

आता सायकलस्वाराकडे वळू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार साधी सायकल हे मोटार वाहन नाही. तिला परवाना लागत नाही. परवान्यातून सुटका म्हणजे नियमांतून सुटका, असा मात्र समज करून घेऊ नये. लाल दिव्यापाशी थांबणे, एकेरी मार्गावर उलट न जाणे, डाव्या बाजूने चालणे आणि वळण्यापूर्वी मागे पाहून हाताने इशारा करणे, हे सायकलस्वारालाही चुकलेले नाही. उलट्या बाजूने येणारा सायकलस्वार विशेष धोक्यात असतो, कारण गल्लीतून बाहेर पडणारा चालक त्या दिशेला पाहतच नाही.

दोन प्रसंग विशेष लक्षात ठेवावेत. पहिला, डावीकडे वळणाऱ्या ट्रकचा किंवा बसचा. अशा वाहनाच्या डाव्या अंगाला, केबिनच्या खाली आणि मागे, चालकाला न दिसणारा भाग असतो. चौकात थांबलेल्या ट्रकच्या आणि फुटपाथच्या मधल्या फटीत सायकल घालणे म्हणजे या अंधारात शिरणे होय. ट्रकच्या मागेच थांबावे. दुसरा प्रसंग, कडेला उभ्या असलेल्या मोटारींचा. चालकाच्या बाजूचे दार अचानक उघडले, तर सायकलस्वार धावत्या रहदारीत फेकला जातो. त्यासाठी उभ्या वाहनांपासून हातभर नव्हे, चांगले मीटरभर अंतर राखावे. मोटारचालकांनी उजव्या बाजूचे दार डाव्या हाताने उघडण्याची सवय लावून घ्यावी. त्यामुळे अंग वळते आणि दृष्टी आपोआप मागे जाते.

आपल्या भागातील आणखी एक संकट सांगितले पाहिजे. गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्री रस्त्यावर असतात. अनेकांच्या मागे ना दिवा असतो, ना परावर्तक. ट्रॉलीच्या मालकाने मागे परावर्तक पट्टी लावली पाहिजे आणि सायकलस्वारानेही आपली सायकल दिसेल अशी ठेवली पाहिजे. पावसाळ्यात ओल्या चाकावर ब्रेक उशिरा लागतो, आणि साचलेल्या पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. तेव्हा वेग आधीच कमी ठेवावा.

पादचाऱ्यांच्या बाबतीत नियम सोपा आहे. फुटपाथ त्यांचा आहे. त्यावरून जायचे तर उतरून सायकल हाती धरावी. पांढऱ्या पट्ट्यांवर आधी त्यांना जाऊ द्यावे. घंटी ही सूचना आहे, हुकूम नव्हे. वृद्धाला ती ऐकू जाईलच, असे गृहीत धरू नये.

मित्रहो, सर्व भार नागरिकांवर टाकून शासनयंत्रणेला मोकळे होता येणार नाही. मानव विकास कार्यक्रमांतर्गत राज्यातील १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली देण्यात आल्या. त्या सायकलीने अनेक मुलींचे शिक्षण टिकविले. पण सायकल दिल्यावर ती चालविण्यास सुरक्षित रस्ता देणे, हेही त्याच कार्याचे उत्तरांग आहे. पुणे महानगरपालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखड्यास मान्यता दिली. असे आराखडे कागदावरून रस्त्यावर उतरले पाहिजेत. सायकलमार्गावर वाहने उभी राहिली आणि फेरीवाले बसले, तर मार्ग असून नसल्यासारखाच.

शेवटी एक विनंती. अपघात दिसला तर तिथे थांबा. पोलिसांच्या ससेमिऱ्याच्या भीतीने लोक पुढे होत नाहीत. परंतु २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ समाविष्ट झाले आहे, आणि सद्‌हेतूने जखमीला मदत करणाऱ्यास त्याने कायदेशीर संरक्षण दिले आहे. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत.

त्या आजोबांचे मनगट पुढे सांधले. पण पिशवी उचलताना ते हात बदलीत, हे मी अनेकदा पाहिले. तेव्हापासून माझी सायकल दिव्यावाचून रस्त्यावर आलेली नाही. आज घरी जाण्यापूर्वी तुम्हीही आपली सायकल एकदा तपासा : ब्रेक, घंटी, दिवा आणि मागचा लाल परावर्तक. काही अडले तर शिपाईमामांना विचारा. आपण इतरांना दिसावे, आणि इतर आपल्याला दिसले की आपण थांबावे. एवढे साधले, तरी हा रस्ता खऱ्या अर्थाने सर्वांचा होईल.

जय हिंद! जय महाराष्ट्र!