धान्यातील लेक्टिन आणि कर्कपेशीची ओळख
(वार्षिक सभेत केलेले भाषण)



संस्थेच्या जमाखर्चाचा आढावा अहवालात अन्यत्र दिलेला आहेच. आज आम्ही एका वेगळ्या विषयावर चार शब्द बोलू इच्छितो. कर्करुग्णांचे नातेवाईक आम्हांस वारंवार विचारतात, “अमुक बी कर्करोगाच्या पेशींना नेमकी ओळखते, असे वाचले. मग तिची पूड रुग्णास द्यावी का?” प्रश्न कळकळीचा असतो आणि त्यामागे अर्धे सत्यही असते. ते सत्य कोणते व त्याची मर्यादा कोणती, हे आमच्या डॉक्टरांकडून समजून घेऊन आपणांपुढे ठेवीत आहोत.

आपल्या प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर शर्करांच्या लहान लहान साखळ्या असतात. अनेक बियांमध्ये लेक्टिन नावाची प्रथिने असतात. प्रत्येक लेक्टिन ठरावीक शर्करेलाच चिकटते. त्याला चिकटण्याच्या एकाहून अधिक जागा असल्यामुळे दोन पेशी एकमेकींना जोडल्या जाऊन त्यांचे पुंजके बनतात. १८८८ साली दोर्पात, म्हणजे आजच्या एस्टोनियातील तार्तू, येथे पीटर हर्मान स्टिलमार्क यांनी एरंडाच्या बियांच्या अर्काने तांबड्या रक्तपेशींचे असे पुंजके होतात, हे दाखविले. १९५४ साली विल्यम बॉइड यांनी ‘निवडणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून ‘लेक्टिन’ हे नाव दिले. ज्याचे पिठले कोकणात घरोघरी होते, त्या कुळथातील लेक्टिनने ‘ए’ रक्तगटाचे ए-१ व ए-२ हे उपगट वेगळे ओळखता येतात. रक्तपेढ्यांत त्याचा आजही उपयोग होतो.

कर्करोगाशी या प्रथिनांचा संबंध १९६३ साली पुढे आला. बॉस्टन येथे जोसेफ ऑब व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की गव्हाच्या अंकुरातील एका द्रव्याने कर्कपेशींचे पुंजके होतात, निरोगी पेशींचे मात्र सहसा होत नाहीत. ते द्रव्य लेक्टिनच होते, हे पुढे मॅक्स बर्गर यांनी दाखविले. अबईच्या जातीच्या शेंगेतील कॉनकॅनाव्हॅलिन-ए हे लेक्टिनही असेच वागते, हे १९६९ साली इस्राएलमध्ये इनबार व साक्स यांनी नोंदविले. कर्कपेशीवर काहीतरी निराळे सापडले, अशी आशा तेव्हा निर्माण झाली.

परंतु पुढील तपासात चित्र बदलले. निरोगी पेशींवर प्रथिने पचविणाऱ्या ट्रिप्सिनची थोडा वेळ क्रिया केली, तर त्यांचेही पुंजके होतात. विभाजनाच्या ऐन क्षणी असलेली निरोगी पेशीही तशीच वागते. मोजणी केली तेव्हा दोन्ही प्रकारच्या पेशींवर चिकटलेल्या लेक्टिनचे प्रमाण पुष्कळदा सारखेच भरले. फरक होता तो मुख्यतः मांडणीत. कर्कपेशीच्या पटलावर या जागा अधिक सहजपणे सरकून एकत्र येतात. आमच्या हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर बेरीज तीच, पण रकमा निराळ्या खात्यांत गेलेल्या. काही ठिकाणी शर्करा खरोखरच बदलते, हेही खरे. भुईमुगाचे लेक्टिन ज्या साखळीला चिकटते, ती निरोगी पेशींवर बहुधा सियालिक आम्लाखाली झाकलेली असते. अनेक कर्कपेशींवर ती उघडी पडते. मात्र केवळ कर्कपेशीलाच चिकटेल आणि निरोगी पेशीला मुळीच शिवणार नाही, असे लेक्टिन हाती आलेले नाही.

म्हणून या विद्येचा खरा लाभ आजवर औषधापेक्षा निदानात व प्रयोगशाळेत अधिक झाला आहे. यकृताच्या कर्करोगात रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीनच्या शर्करेत बदल होतो. मसुरीच्या लेक्टिनला चिकटणारा त्याचा भाग मोजण्याच्या तपासणीला अमेरिकेत २००५ साली मान्यता मिळाली. ही तपासणी धोक्याची सूचना देते. केवळ तिच्यावरून निदान ठरत नाही. सोयाबीनच्या लेक्टिनने अस्थिमज्जेतील नको असलेल्या पेशी वेगळ्या काढून, पूर्ण न जुळणाऱ्या आप्ताची मज्जा रुग्ण बालकांना देण्याचे काम १९८० च्या दशकात यशस्वी झाले.

यातून आमची कळकळीची विनंती एवढीच. काचेच्या नळीत पेशी ओळखणे वेगळे आणि पोटात घेतलेल्या पुडीने रोग बरा होणे वेगळे. एरंडाच्या बीमधील रायसिन हे जीवघेणे विष आहे. कच्च्या वा अर्धवट शिजलेल्या राजम्यातील लेक्टिनने तीव्र उलट्या व जुलाब होतात. केमोथेरपीने क्षीण झालेल्या रुग्णास तो त्रास फार महाग पडू शकतो. भिजवून, पाणी टाकून, नीट उकळून शिजविलेली कडधान्ये एरवी उत्तम आहार आहेत. रुग्णाने ती किती खावीत, हे डॉक्टरांना विचारावे. कोणतेही बी, अर्क वा पूड सुरू करण्यापूर्वी ती आमच्या डॉक्टरांना दाखवावी. त्यासाठी कोणीही आपणांस रागावणार नाही. चालू उपचार मात्र एक दिवसही परस्पर बंद करू नयेत.

देणगीदारांना आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो, की शस्त्रक्रियागृह सर्वांच्या नजरेस पडते, प्रयोगशाळा पडत नाही. परंतु रोग्याचे भवितव्य पुष्कळदा तेथेच, सूक्ष्मदर्शकाखालील एका काचपट्टीवर ठरते. आपल्या दानाचा काही अंश त्या खोलीकडे वळावा, ही प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.