उशाशी बसणाऱ्या डॉक्टरीणबाई
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. डॉक्टरीविषयी मी बोलणे म्हणजे आगाऊपणाच. पण घरात घडले तेवढेच सांगते.

माझी पुतणी साडेपाच वर्षे शिकून एम.बी.बी.एस. झाली. आता म्हणते, "काकू, मला भूलशास्त्रात एम.डी. करायचे आहे. आणखी तीन वर्षे. मग मेडिकल कॉलेजात रोग्यांना भूल द्यायची आणि विद्यार्थ्यांना शिकवायचेही." घरात सर्वांची तोंडे उतरली. मीही म्हणाले, "अगं, ऑपरेशन करणाऱ्याचे नाव होते. भूल देणाऱ्याला कोण विचारतो?"

तिने उलट विचारले, "धाकट्याच्या वेळी तुमचे सीझर झाले, तेव्हा तुमच्या उशाशी कोण होते?"

मी गप्प झाले. कमरेत इंजेक्शन देऊन एक डॉक्टरीणबाई शेवटपर्यंत माझ्या डोक्याशी बसल्या होत्या. नाडी पाहत होत्या, धीर देत होत्या. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना आम्ही पेढे दिले. त्या बाईंचे नावही मी विचारले नाही.

मग तिने मला अमेरिकेतील डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांची हकीगत सांगितली. जन्म १९०९ चा. १९३३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. त्यांना सर्जन व्हायचे होते. पण बाईमाणसाचा त्यात जम बसणे कठीण, म्हणून वरिष्ठांनी त्यांना भुलीकडे वळवले. तिकडे तेव्हा हे काम बहुधा नर्सच करीत. बाई ते नेटाने शिकल्या, १९३८ साली त्या विभागाच्या प्रमुख झाल्या आणि त्यांनी नवे डॉक्टर तयार केले. १९४९ साली तेथील वैद्यकीय महाविद्यालयात पूर्ण प्राध्यापक होणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. पण भुलीचे स्वतंत्र खाते झाले, तेव्हा प्रमुखपद एका पुरुषाला मिळाले.

बाई रुसून बसल्या नाहीत. त्यांनी बाळंतिणींच्या भुलीकडे लक्ष घातले. जन्मलेले बाळ कसे आहे हे झटकन कळावे म्हणून १९५२ साली त्यांनी पाच गोष्टी मांडल्या: हृदयाचे ठोके, श्वास, हातापायांतला जोर, चेतवल्यावर रडणे-हलणे आणि अंगाचा रंग. प्रत्येकीला शून्य ते दोन गुण, एकूण दहा. जन्मानंतर एका मिनिटाने हे गुण द्यायचे. पुढे पाचव्या मिनिटालाही देऊ लागले. त्यामुळे मलूल बाळाकडे कोणाचे दुर्लक्ष होईना. जगभर आजही ही रीत चालते.

मी कपाटातून धाकट्याचा दवाखान्याचा कागद काढला. त्यावर 'ॲपगार ८, ९' असे लिहिले होते. इतकी वर्षे आम्ही त्यावरचे वजन तेवढे वाचत आलो!

पुतणीच्या बाबतीत घरात अजून एकमत नाही. पण मी तिच्या बाजूने उभी राहिले आहे. स्वयंपाकघरात राबणाऱ्या आपणा बायकांना तरी हे कळावे, की पंक्तीत ज्याचे नाव निघत नाही, त्याचे काम हलके नसते.

भगिनींनो, तुमच्या घरात कोणाचे ऑपरेशन झाले, तर भूल देणाऱ्यांचे नाव आठवणीने विचारा. पेढ्यांचा एक पुडा त्यांनाही द्या.