नाव कमी करण्यापूर्वी



मुख्याध्यापक असताना मी एका मुलीचे नाव गैरहजेरीमुळे पटावरून कमी केले. आई घरी विड्या वळत असे आणि मुलगी धाकट्या भावाला सांभाळीत असे, हे मला वर्षभराने कळले. निवृत्तीनंतर मी भावी शिक्षकांना शिकवू लागलो, त्यामागे ही खंत आहे.

त्यांना मी ताराबाई मोडकांची हकिकत सांगतो. राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्या होत्या. ते मानाचे पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे बालशिक्षणाच्या कामाला गेल्या. पुढे १९४५ साली, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी बोर्डीला अनुताई वाघांच्या साथीने बालवाडी काढली व बालसेविका तयार केल्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. १९५७ पासून कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली, आणि धाकट्या भावंडांचीही सोय झाली, म्हणजे थोरली मुलगी शिकायला मोकळी!

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना पहिला धडा एकच: नाव कमी करण्यापूर्वी घर पाहून या.

पालकहो, आपली मुलगी शिक्षिका होऊ इच्छीत असेल तर तिला अडवू नका. पदविका, मग टीईटी, वाट लांब आहे खरी. पण विडीच्या सुपापाशी बसलेल्या मुलीचे मन तिच्याइतके कोण जाणणार?