सुधारलेलें बियाणें आणि शेतकऱ्याचा हिशेब



सुधारलेलें बियाणें दारांत आणून दिलें तरी आपला शेतकरी जुन्यालाच चिकटून बसतो, असा आक्षेप आपण वारंवार ऐकतों. मी आयुष्यभर शाळामास्तर होतों आणि हा आक्षेप मीहि वर्गांत बोलून दाखवीत असें. आज त्याचें थोडें प्रायश्चित्त घेणार आहें.

१९६४ सालीं सी. एस. एच.-१ ही संकरित ज्वारी देशांत प्रसृत झाली. लोक तिला 'हायब्रीड' म्हणूं लागले. ताट बुटकें, कणीस भरगच्च आणि सुमारें शंभर दिवसांत पीक हातीं! १९७२ च्या दुष्काळानंतर परभणी जिल्ह्यांतील आमच्या रानांत वडिलांनीं खरिपाला तीच पेरली. ते जुन्याला चिकटून बसले नाहींत. खळ्यावर रास पूर्वीच्या दुप्पट पडली व घरांत आनंदीआनंद झाला.

दुसऱ्या वर्षीं मात्र लौकर पिकलेलीं कणसें भाद्रपदाच्या झडींत सांपडलीं आणि दाणा काळा पडला. भाकरी थापतांना आई म्हणे, "पिठाला विरीच नाहीं." संकरिताचा गुण पुढच्या पिढींत टिकत नाहीं, म्हणून घरचें बियाणें राखून भागेना, दरसाल विकत घ्यावें लागे. शिवाय बुटक्या ताटांचा कडबा तो किती? होळीपूर्वींच गंजी संपली आणि जोडींतला एक बैल बाजारांत न्यावा लागला. दावें सोडतांना वडील एवढेंच म्हणाले, "आपलें पोट भरलें, पण याच्या तोंडचा घास गेला."

त्यानंतर त्यांनीं हायब्रीड एका तुकड्यापुरती ठेवली आणि रब्बीला मालदांडीच पेरली. आतां गंमत पाहा. मालदांडी ३५-१ हीहि सुधारलेलीच जात! सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळच्या केंद्रांत ती स्थानिक मालदांडींतून निवडून काढलेली आहे. दाणा पांढराशुभ्र, भाकरी गोड, ताट उंच, बियाणें घरचेंच, आणि जमिनींत मुरलेल्या ओलीवर येणारें पीक. तिच्यासाठीं कोणास व्याख्यानें द्यावीं लागलीं नाहींत. ती पिढ्यान्‌पिढ्या शिवारांत राहिली.

तात्पर्य काय? शेतकऱ्याच्या हिशेबाला चार रकाने असतात: दाणा, कडबा, भाकरी आणि बियाणें. आम्हीं शहाण्यांनीं पहिलाच रकाना तपासला आणि त्याला नापास करून टाकलें! पुढें परभणीच्या कृषि विद्यापीठानें 'परभणी मोती' काढली, तेव्हां टपोऱ्या दाण्याबरोबर कडब्याकडेहि लक्ष दिलें, ही समाधानाची गोष्ट होय.

म्हणून संशोधकांना माझी विनंति अशी कीं, नव्या जातीची परीक्षा प्रयोगक्षेत्रावर घ्याच. पण ती गृहिणीच्या तव्यावर आणि गोठ्यांतल्या दावणीवरहि घ्या. आणि शेतकरी बंधूंनो, नवें अवश्य पेरा. मात्र आधीं एका तुकड्यांत पेरून पाहा.

माझ्या वडिलांना मी एके काळीं हट्टी समजलों होतों. ते हट्टी नव्हते. त्यांचें गणित माझ्याहून पक्कें होतें.