संत्रं आणि गोळी



मी डॉक्टर नाही. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि पुढची तीस वर्षं कविता लिहिण्यात घालवली. अशा माणसाने स्तनाच्या कर्करोगावर आणि अँटिऑक्सिडंटवर बोलावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण हा शब्द माझ्या घरात मीच आणला. तोही एका बाटलीवर छापलेला, दोन हजार चारशे रुपये मोजून.

माझी धाकटी बहीण अकोल्याला असते. उर्दू शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. घरात तिला सगळे छोटी म्हणतात. २०२१ साली तिला गाठ लागली, पण घरच्यांना कळायला आठ महिने गेले. मी रागावलो, तर म्हणाली, "दुखत नव्हती ना भाई. दुखली असती तर सांगितलं असतं." विज्ञान शिकवणारी बाई! पण दोष एकट्या तिचा कसा म्हणू? ज्या घरात त्या अवयवाचं नाव घ्यायला जीभ अडखळते, तिथे गाठ दाखवायची कुणाला? आपल्या देशात बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग हाच, आणि निम्म्याहून अधिक बायका आजार पुढे सरकल्यावरच दवाखान्यात पोचतात. ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, एवढं एक वाक्य आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं असतं तर ते आठ महिने वाचले असते.

ऑपरेशन नागपूरला झालं. मग केमोथेरपी, दर तीन आठवड्यांनी. मी बडनेऱ्याहून गाडीत बसायचो, ती अकोल्याहून त्याच गाडीने आलेली असायची. पहिल्या चार वेळी जे औषध दिलं, त्याला वॉर्डातल्या बायका 'लाल पाणी' म्हणत. नाव डॉक्सोरुबिसिन. रंग रूहअफजासारखा. ते शिरेतून गेलं की लघवीही एक-दोन दिवस लाल होते आणि माणूस घाबरून जातो. दोन-तीन आठवड्यांत केस गेले.

मग सुरू झाली माया. मामूंनी कलौंजीचं तेल पाठवलं. शेजारच्या काकू रोज सकाळी गव्हांकुराचा रस आणून देऊ लागल्या. कुणी लक्ष्मणफळाची पानं आणली. आणि मी, शिकलेला भाऊ, अमरावतीत एका ओळखीच्या एजंटाकडून ती बाटली घेऊन गेलो. क आणि ई जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटीन, सेलेनियम, सगळं एका कॅप्सूलमध्ये. छोटी म्हणाली, डॉक्टरांना विचारू. मी म्हणालो, "त्यात काय विचारायचं? फळांचाच तर अर्क आहे."

तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "आणखी काही घेता का?" छोटीने पर्समधून बाटली काढून टेबलावर ठेवली. बाईंनी चष्मा वर करून लेबल वाचलं आणि म्हणाल्या, "हे आजपासून बंद." मला राग आला. खरं सांगतो, वाटलं, यांना आपल्या औषधापुढे दुसरं काही दिसत नाही. पण त्यांनी पंधरा मिनिटं काढून समजावलं. त्यांना जमलं तेवढं मला जमेलसं नाही, तरी सांगतो.

कापलेलं सफरचंद काळं पडतं, लोखंड गंजतं. हा प्राणवायूचा उद्योग. आपल्या पेशींतही असा उद्योग चालू असतो आणि त्यातून काही अस्थिर, भांडखोर कण तयार होतात. त्यांना मुक्त कण म्हणतात. सफरचंदावर लिंबू पिळलं की ते काळं पडत नाही. अँटिऑक्सिडंट म्हणजे ते लिंबू. (पुस्तकी मराठीत त्याला प्रतिऑक्सिडीकारक म्हणतात. हा शब्द कवितेत बसवून दाखवणाऱ्याला मी चहा पाजीन.) पण हे कण नुसते खलनायक नाहीत. आपल्या पांढऱ्या पेशी त्यांच्याच जोरावर जंतू मारतात. रेडिएशन बऱ्याच अंशी याच कणांमार्फत गाठीतल्या पेशी जाळतं. लाल पाण्याच्या कामाचाही काही भाग त्यांच्याकडूनच होतो. तेव्हा आपण हजारो रुपये मोजून ज्या पेशीवर लिंबू पिळतो, ती निरोगी की रोगट, हे त्या कॅप्सूलला कोण सांगणार?

नंतर मी जमेल तेवढं वाचलं, छोटीने त्याहून जास्त. अमेरिकेत केमोथेरपी घेणाऱ्या १,१३४ स्त्रियांचा अभ्यास २०१९च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. ज्यांनी उपचाराआधी आणि उपचार चालू असतानाही अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेतल्या, त्यांच्यात रोग उलटण्याचं प्रमाण ४१ टक्क्यांनी जास्त दिसलं. मात्र अशा गोळ्या घेणाऱ्या बायका थोड्या होत्या. हा आकडा योगायोगाचाही असू शकतो, असं अभ्यासातूनच दिसतं. उलट शांघायच्या ४,८७७ स्त्रियांच्या २०११च्या अभ्यासात जीवनसत्त्वं घेणाऱ्यांना फायदा झाल्यासारखा वाटला, पण तोही रेडिएशन न घेतलेल्यांमध्येच. म्हणजे कोर्टाचा निकाल अजून लागलेला नाही. पण फिनलंडमधल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचं काय झालं, ते ऐकून मी गप्प झालो. त्यांच्यापैकी ज्यांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या, त्यांच्यात फुफ्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्क्यांनी वाढला. हे १९९४ सालीच छापून आलं होतं. बाटलीवर त्याचा उल्लेख नव्हता.

आपल्या मुंबईत टाटा मेमोरियल सेंटरचे डॉ. इंद्रनील मित्रा यांचं काम तर याहून गमतीचं. द्राक्षाच्या सालीतलं रेझव्हेरॅट्रॉल हे नावाजलेलं अँटिऑक्सिडंट. त्यात त्यांनी किंचित तांबं मिसळलं, तर त्यातून ते भांडखोर कणच तयार झाले, आणि त्या कणांकडूनच ते काम करून घेऊ पाहतात! २०२४च्या फेब्रुवारीत 'शंभर रुपयांत कर्करोगाची गोळी' म्हणून ज्या बातम्या आल्या, त्या याच कामाच्या. त्यातला बराच भाग तोवर उंदरांवर झालेला होता, हे मथळ्यात कुणी लिहिलं नाही.

मग संत्रं खायचं की नाही? वरुड-मोर्शीच्या मुलखात राहून हा प्रश्न विचारणं म्हणजे गंमतच. मी डॉक्टरीणबाईंना विचारला, त्या हसल्या. शंभर ग्रॅम संत्र्यात क जीवनसत्त्व तीस ते पन्नास मिलिग्रॅम. बाजारातल्या एका मोठ्या गोळीत एक हजार. म्हणजे एका घोटात दोन-तीन किलो संत्री! संत्रं खा, अंबाडीची भाजी खा, वरणात हळद घाला. पांढऱ्या पेशी उतरल्या असतील तेव्हा फळ धुऊन, सोलून खा, कच्चं टाळा. ताटातलं अन्न वेगळं आणि गोळीतला अर्क वेगळा. हळदीचंच बघा. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या १६ रुग्णांवर नेदरलँड्समध्ये २०१९ साली एक छोटा अभ्यास झाला. हळदीतल्या करक्युमिनचा मोठा डोस, तोही मिऱ्याच्या अर्कासोबत दिला, तर त्या औषधाचं रक्तातलं प्रमाण घटलं. छोटीला पुढे टॅमॉक्सिफेनच लागलं. आणि मी तोवर हळदीच्या कॅप्सूलची चौकशी करून बसलो होतो.

त्या दोन पाळ्यांत माझ्या गोळ्यांनी काही बिघडवलं का? हे कुणी सांगू शकत नाही. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, एका माणसापुरता असा हिशेब मांडता येत नाही. छोटी ठीक आहे. वर्गात पुन्हा उभी राहते. पण तपासणीची तारीख जवळ आली की माझी झोप उडते, आणि तिला ते कळतं.

गेल्या खेपेला गाडीत तिने एक संत्रं सोललं, अर्धं मला दिलं आणि म्हणाली, "भाई, तू प्रेमानं आणलं होतंस. पण विचारायचं नाही, असं का म्हणालास?" मी खिडकीबाहेर बघत राहिलो. पुढचं स्टेशन गेलं, तरी मला उत्तर सुचलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात पुन्हा नागपूर आहे. या वेळी तिने कागद केला आहे. पोटात जाणारं सगळं त्यावर लिहायचं, असं ठरलंय. रक्तदाबाची गोळी, कॅल्शियम, सकाळचा काढा. मामूंचं कलौंजीचं तेल लिहायला ती लाजत होती. ते मी माझ्या अक्षरात लिहिलं.